एका उंबरठ्यावरचे दोन शोक

नवी दिल्ली रेल्वे स्थानकातून पश्चिमेकडे बाहेर पडले की पहाडगंज लागते. आज प्रवाशांनी गजबजलेल्या या वस्तीने १९४७ च्या सप्टेंबरात मोठा आकांत पाहिला. दंगल उसळताच येथील असंख्य मुसलमान कुटुंबे घरेदारे टाकून पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील छावण्यांत गेली. पश्चिम पंजाबातून आलेले हिंदू व शीख निर्वासित, आपली माणसे गमावून, याच गल्ल्यांत आसरा शोधू लागले. एकाच उंबरठ्यावर दोन शोक समोरासमोर उभे राहिले.

सरकारने मदत व पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते उघडले. १९५१ च्या जनगणनेत दिल्लीतील निर्वासितांची संख्या पाच लाखांच्या घरात भरली. एवढ्यांना धान्य, तंबू, कांबळी पुरविणे हेच कर्मकठीण. परंतु ज्याचे माणूस गेले, त्याचे सांत्वन कांबळ्याने होत नाही.

हे अनीस किडवाई यांनी जाणले. त्यांचे पती शफी अहमद किडवाई यांचा ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुरीत खून झाला. शोकाकुल अनीसबाई गांधीजींकडे आल्या. गांधीजींनी त्यांना छावणीतील दुःखितांची सेवा करण्यास सांगितले. तेथे रोग्यांची शुश्रूषा करावी, हरवलेल्यांचा शोध घ्यावा, मृतांसाठी कफन मिळवावे, अशी कामे त्यांनी केली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आज़ादी की छाँव में’ या पुस्तकात त्यांनी ती कहाणी सांगितली आहे. स्वतःचे दुःख त्यांनी दुसऱ्याच्या दुःखाशी तोलले नाही. त्या दुःखानेच त्यांना दुसऱ्याचे दुःख ओळखता आले.

पहाडगंजातील प्रश्न याहून बिकट होता. थंडीत मशिदींत मुले घेऊन राहिलेल्या निर्वासित मातेला बाहेर कसे काढावे? आणि ज्यांच्या त्या मशिदी, त्यांना कायमचे पारखे कसे करावे? १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी उपोषण आरंभिले. १८ जानेवारीस शहरातील पुढाऱ्यांनी लिहून दिलेल्या अभिवचनात सब्जीमंडी व करोलबागेबरोबर पहाडगंजाचे नाव होते: तेथे मुसलमानांना पूर्वीप्रमाणे निर्भयपणे वावरता येईल, आणि मशिदी परत केल्या जातील. त्यानंतर बाराच दिवसांनी गांधीजींची हत्या झाली. गेलेली कित्येक कुटुंबे परतलीही नाहीत.

तरीही ते अभिवचन व्यर्थ म्हणता येत नाही. आपत्तीतून वाचलेल्यास छप्पर हवे, तसा आपल्या गल्लीतून मान वर करून चालण्याचा हक्कही हवा. एकाचे अश्रू पुसताना दुसऱ्याचे घर हिरावले, तर ते सांत्वन अपुरेच राहते.