हिशेबनीसांनी मोजलेले सूर

मी पेट्या दुरुस्त करतो. सांगली-मिरज भागातल्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या, गाण्याच्या क्लासच्या पेट्या माझ्याकडे येतात. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची पट्टी अडकलेली, आणि बहुतेकांचे सूर हललेले. सूर म्हणजे पेटीतली पितळी जीभ. ती टोकाकडे घासली की आवाज चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट पुस्तक न वाचता कळते: पेटीचा गांधार तंबोऱ्याच्या गांधाराशी जुळत नाही. गाणं शिकवणाऱ्या बाई येतात आणि म्हणतात, “काका, गांधार चढा वाजतोय.” मी ट्यूनर लावून दाखवतो. काटा बरोबर मधे. बाई म्हणतात, “काटा असेल मधे, तंबोरा लावला की बोचतो त्याचं काय?” ट्यूनरही खोटं सांगत नसतो आणि बाईही.

हिशेब सोपा आहे. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. मग तंबोऱ्याची खर्जाची तार १२० ची. कुठलीही तार छेडली की तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वरही वाजतात. १२० च्या पाचपट ६००, म्हणजे तार सप्तकातला गांधार. हाच तो तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार. एक सप्तक खाली आणला की ३०० चा. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, कारण काळी दोनवाल्यालाही ती चालली पाहिजे आणि पांढरी चारवाल्यालाही. त्या वाटणीत गांधार येतो ३०२.४ वर. त्याचा दुप्पट उपस्वर ६०४.८. तो तंबोऱ्याच्या ६०० शेजारी वाजला की सेकंदाला जवळजवळ पाच लाटा उठतात. बाईंना बोचतात त्या या लाटा.

या अडीच कंपनांच्या फरकावरून आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वी मोठं संशोधन झालं आणि त्याहून मोठं भांडण झालं. गंमत म्हणजे त्यात सूर मोजायला बसलेली माणसं बहुतेक सरकारी कचेरीतली होती. ही परंपरा थेट देवगिरीपर्यंत जाते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख. घराणं मूळचं काश्मीरचं. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ आजही संगीतशास्त्राचा पाया समजला जातो. सप्तकात बावीस श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक पायऱ्या, असतात हे भरताने ‘नाट्यशास्त्रा’त आधीच सांगितलं होतं, आणि ते दोन वीणांवर तपासायची रीतही दिली होती. शार्ङ्गदेवाने ती रीत आणखी बांधेसूद केली. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा सारख्या लावायच्या. एक अचल, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल, तिच्या तारा एकेक श्रुती उतरवत जायच्या. दुसऱ्या उतरणीला चल वीणेचे गांधार-निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतांवर येतात. तिसऱ्या उतरणीला ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमावर येतात. चौथ्या उतरणीला षड्ज, मध्यम, पंचम हे अनुक्रमे निषाद, गांधार, मध्यमावर बसतात. याचा अर्थ गांधार-निषाद दोन-दोन श्रुतींचे, ऋषभ-धैवत तीन-तीनांचे, बाकीचे तीन स्वर चार-चारांचे. बेरीज बावीस. दोन वह्या शेजारी ठेवून ताळा करावा तशी ही पद्धत आहे. फक्त एक श्रुती म्हणजे नेमकी केवढी, हे त्यात आकड्याने दिलेलं नाही. ते कानावर सोडलं आहे. तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगायला अहोबल पंडिताने सतराव्या शतकात ‘संगीतपारिजाता’त सुरुवात केली.

देवगिरीनंतर साडेसहाशे वर्षांनी आमच्या सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल या प्रश्नाच्या मागे लागले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जमीनमहसुलाचा हिशेब बघण्यात नोकरी गेलेली, त्यामुळे आकडा दिसेपर्यंत विश्वास ठेवायचा नाही ही सवय. तोपर्यंत युरोपात हेल्महोल्ट्झचा ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ येऊन गेला होता, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या एलिसने स्वरांमधलं अंतर मोजायला ‘सेंट’ हे मापही ठरवलं होतं. देवलांना इथल्या रागांचं असंच मोजमाप हवं होतं. त्यासाठी अचूक गळा लागतो. तो त्यांना मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराण्याचे, जन्म १८७२ चा. बडोद्याचा दरबार सोडून ते इकडे आले आणि पुढे मिरजेचेच झाले. त्यांचं स्वरावरचं प्रेम सगळ्यांना ठाऊक आहे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांना झंकार देणारी घोडीची घडण, ते स्वतः काढत, असंही मिरजेत सांगतात. देवलांची रीत तत्त्वतः सोपी होती: खाँसाहेबांनी रागातला स्वर लावून धरायचा, तार त्या स्वराला मिळवायची आणि तिची लांबी मोजायची. छत्तीस इंचांची तार घेतली तर तार षड्ज अठरा इंचांवर येतो, पंचम चोवीसवर, मध्यम सत्तावीसवर. स्वयंभू गांधार येतो २८.८ वर आणि पेटीचा गांधार जवळपास २८.६ वर. पाव इंचाहूनही कमी फरक, पण खाँसाहेबांसारख्या कानाला तो शेतभर लांब. धैवताचंही तसंच. २४० च्या षड्जाला ४०० चा धैवतही लागतो आणि ४०५ चाही. पेटीत मिळतो त्या दोघांच्या मधला, जवळपास ४०३.६ चा. तो कुठल्याच बाजूचा नाही.

या मोजणीवरून देवलांनी १९१० साली पुण्यातून इंग्रजीत पुस्तक काढलं. विषय नावातच: हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती. श्रुती सारख्या अंतराच्या नाहीत, लहानमोठ्या आहेत, आणि प्रत्येकीचं गुणोत्तर सांगता येतं, हा त्यांचा दावा. तो वाचून अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. न्यायाधीश भारावले. त्यांनी १९१३ मध्ये भारतीय संगीतावर स्वतःचं पुस्तक लिहिलं, देवलांबरोबर फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेचं काम केलं आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी बनवून घेतली. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही पेटी म्हणजे धाडस. बारा सूर एकमेकांशी जमवताना नाकी नऊ येतात. इथे त्यांची संख्या दुपटीकडे नेलेली.

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतिपेटी जाणकारांपुढे आली आणि नामी गवयांनी ती मानली नाही. आपण गातो तो स्वर पेटीत सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. देवल-क्लेमेंट्स यांच्या सिद्धांताचे सगळ्यात कडक टीकाकार विष्णु नारायण भातखंडे. तेही पेशाने वकील. गावोगाव फिरून बंदिशी जमवलेल्या, जुने ग्रंथ कसून वाचलेले. त्यांचा मुद्दा असा की जुन्या ग्रंथांतल्या श्रुती आणि आजचे राग यांची सांगड कागदावर घालून चालणार नाही. आजचा राग ओळखायला आणि शिकवायला बारा स्वर पुरतात. सूक्ष्म फरक गुरूच्या गळ्यातून शिकायचा.

देवलांची पद्धत खरी होती, आणि तरी त्यांची हार झाली. कारण मोजायच्या आधीच उत्तर ठरलेलं होतं. श्रुती बावीसच भरल्या पाहिजेत, आणि प्रत्येकीचं गुणोत्तर सुबक असलं पाहिजे. गवयाचा गळा या दोन अटी पाळायला बांधलेला नाही. दरबारी रागाचा गांधार घ्या. तो एका जागी उभाच राहत नाही. आंदोलन हाच त्याचा स्वभाव. तो २८४ वर आहे की २८८ वर, हे विचारणं म्हणजे झोका नक्की कुठे आहे असं विचारणं. पुढे १९६३ मध्ये नझीर जैराजभाई आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून प्रत्यक्ष वादनातले स्वर मोजले. तोच राग, तोच स्वर, पण कलावंतागणिक, कधी एकाच वादनातसुद्धा, त्याची जागा बदलत होती. १९८० च्या दशकात मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्ये बर्नार्ड बेल आणि सहकाऱ्यांनी गाण्याचा आलेख काढणारं यंत्र बसवलं. त्यात स्वर ठिपक्यासारखा नव्हे, वळणदार रेषेसारखा उमटला.

म्हणून देवल चुकले म्हणायचं का? अर्धेच. गांधाराच्या बाबतीत ते बरोबर होते, आणि साक्षीदार तंबोरा. तंबोऱ्यात हा गांधार इतका ठळक का, याचं कारण सापडलं कलकत्त्यात. चंद्रशेखर व्यंकट रामन हेही मूळचे सरकारी वित्तखात्यातले. १९१७ पर्यंत नोकरी सांभाळून बाकीच्या वेळात प्रयोग करायचे. १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोऱ्यावर निबंध लिहिला. युरोपीय नियम असा, की तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर त्या आवाजात नसतो. रामनांना तंबोऱ्यात तो नसायला हवा असलेला उपस्वरही ऐकू आला. कारण घोडीची रुंद, किंचित बाकदार पाठ. तार तिला कंपागणिक चाटून जाते आणि वरच्या उपस्वरांना सतत जोर मिळत राहतो. मिरजेचे कारागीर घोडीवर कानस फिरवतात आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी जमवतात, ते नेमकं याचसाठी. ज्याला आम्ही ‘तंबोरा बोलतो’ म्हणतो, त्यात पाचव्या उपस्वराचा, म्हणजे गांधाराचा मोठा वाटा. रामनांनी तबला आणि मृदंगाचाही असाच उलगडा केला: साध्या पडद्याचे उपस्वर बेसूर असतात, पण पुडीवरच्या काळ्या शाईमुळे ते मूळ स्वराच्या पटीत येतात. ‘नेचर’मध्ये १९२० साली हे छापून आलं. शाई लावणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं; आकडा नव्हता इतकंच.

पेटीचं पुढे काय झालं? १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदी घालणाऱ्यांच्या तक्रारी दोन: पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, आणि तिचे स्वर खरे नाहीत. दुसरी तक्रार देवलांचीच. तरी पेटी मेली नाही, कारण कीर्तनाला, भजनाला, नाटकाला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. आणि देवलांचा प्रश्नही मेला नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात पुन्हा बावीस श्रुतींची पेटी घडवली. चांगल्या साथीदारांची ‘गांधार ट्यूनिंग’ची पेटी तर आजही आमच्याकडे येते. ती एकाच गायकाच्या षड्जाला बांधायची, गांधार-धैवत-निषाद तंबोऱ्यावर मिळवायचे. त्या पट्टीत ती तंबोऱ्यात विरघळून जाते. दुसऱ्या पट्टीत घेतली की बेसूर. इकडे सोय हवी तर तिकडे सूर सोडावा लागतो, हा व्यवहार कुणालाच टळलेला नाही.

या इतिहासात माझी तक्रार एकच. पुस्तकं लिहिली हिशेबनीसांनी, न्यायाधीशांनी, वकिलांनी. त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण मोजण्याचं सगळ्यात अचूक उपकरण होतं खाँसाहेबांचा कान. तोच स्वर पुन्हा त्याच जागी लावणं, पाव इंचाचा फरक पकडणं, हे काम संशोधकाचं आहे, नमुन्याचं नव्हे. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. गवई म्हणून त्यांचा मान राखला गेला. ध्वनिशास्त्राच्या इतिहासातही त्यांचं नाव देवलांच्या बरोबरीने लिहायला हवं.

आणि एक विनंती, धंद्यातली. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची पेटी किंवा पायपेटी असेल, तर ती सुराला लावायला देण्यापूर्वी तिचा प्रत्येक सूर मोजून वहीत लिहून ठेवा. मोबाइलवरही आता हे मोजता येतं. पितळ जुनं झालं की सूर थोडा हलतो, हे खरं. पण गांधार, धैवत, निषाद तिन्ही एकाच बाजूला झुकलेले दिसले, तर ती पेटी कुणीतरी तंबोऱ्यावर मिळवलेली असण्याची शक्यता मोठी. आमची कानस एकदा फिरली की तो पुरावा संपला. घासलेलं पितळ परत येत नाही.