जीवनसत्त्वांचे परस्परसंबंध : फॉलिक आम्ल आणि ब-१२

जीवनसत्त्वे शरीरात एकेकटी काम करीत नाहीत. एकाच्या अभावी दुसरे निष्प्रभ ठरते, तर कधी एकाच्या अतिरेकामुळे दुसऱ्याची उणीव झाकली जाते. शाकाहारी लोकसंख्या मोठी असलेल्या आपल्या देशात फॉलिक आम्ल व ब-१२ यांचा संबंध म्हणूनच विशेष महत्त्वाचा आहे.

या संशोधनाचा एक धागा मुंबईशी जुळतो. इंग्लंडच्या डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये तेथे आल्या आणि कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक फॉलेट असल्याचे पुढे स्पष्ट झाले. ब-१२ वेगळे करण्यात १९४८ मध्ये यश आले.

रक्तपेशींच्या वाढीसाठी ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. ब-१२ कमी पडल्यास पेशीतील फॉलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडते आणि रक्तपेशी मोठ्या व अपक्व राहतात. अशा वेळी फॉलिक आम्लाची मोठी मात्रा दिल्यास रक्तक्षय कमी होतो, तपासणीचा अहवालही सुधारतो. परंतु मज्जातंतूंचे आवरण राखण्याचे ब-१२ चे कार्य फॉलिक आम्लाला करता येत नाही. परिणामी हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण होणे ही लक्षणे आतल्या आत वाढत राहतात. उपचारास विलंब झाल्यास ही हानी कायमची ठरू शकते. धोका आहे तो नेमका येथे.

ब-१२ वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही; शाकाहारी व्यक्तींची भिस्त दूध, दही, ताक यांवरच असते. ते जठरातील एका विशिष्ट प्रथिनाशी जोडले जाऊन लहान आतड्याच्या अखेरच्या भागात शोषले जाते. वार्धक्यात, तसेच मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत हे शोषण मंदावते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा लक्षात येते.

अन्य जीवनसत्त्वांबाबत थोडक्यात सांगायचे, तर अ, ड, ई आणि के यांच्या शोषणास स्निग्ध पदार्थांची जोड लागते. गाजराच्या कोशिंबिरीवरील फोडणी केवळ चवीपुरती नसते. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे के जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा येतो. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना त्यामुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. पोह्यांवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. सोबतचा चहा ते घटवतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत पीठ व तांदूळ यांच्या पोषणमूल्यवर्धनासाठी लोह आणि फॉलिक आम्लासोबत ब-१२ चाही समावेश आहे. गरोदर स्त्रियांनी मात्र फॉलिक आम्लाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. गर्भाच्या मेंदू व मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी, गर्भधारणेपूर्वीपासून व पहिल्या काही आठवड्यांत त्या अत्यावश्यक असतात. मुंग्या किंवा बधिरपणा जाणवल्यास ब-१२ ची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.