नेमबाजीची दुर्बीण
रायफलीच्या नळीवर तिच्या अक्षाशी जवळजवळ समांतर बसविलेली व लक्ष्याची विवर्धित प्रतिमा दाखवून नेम धरण्यास मदत करणारी लहान दुर्बीण. तिच्यातील फुली, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक तारा, आणि लक्ष्य ही दोन्ही डोळ्यास एकाच प्रतलात दिसतात, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय. शिकार व युद्ध यांतही ती वापरली जाते. तथापि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लक्ष्यावरील नेमबाजीत तिचा प्रवेश कसा झाला, तेथे तिचे स्थान काय आहे आणि तिची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, यांचा विचार केला आहे.

उघड्या दर्शकांनी नेम धरताना मागील खाच, नळीच्या टोकाजवळील माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू पूर्ण स्पष्ट दिसते. मागील खाचेऐवजी बारीक छिद्र वापरल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते, पण नाहीशी होत नाही. चाळिशीनंतर डोळ्याची समायोजनशक्ती कमी झाली म्हणजे ती पुन्हा वाढते. दुर्बिणीमुळे ही अडचण मुळातच दूर होते. मात्र हाताचा कंप, चाप ओढताना होणारी चूक, वाऱ्याने गोळीचे ढळणे आणि काडतुसाकाडतुसांतील फरक यांपैकी कशावरही दुर्बिणीचा इलाज चालत नाही. डोळ्याला दिलेली मदत नेमबाजाच्या कौशल्यात धरावी की नाही, हा वाद यातूनच निर्माण झाला व त्याचे उत्तर निरनिराळ्या स्पर्धांनी निरनिराळे दिले.

इतिहास : हान्स लिपरहे या डच चष्मे बनविणाऱ्या कारागिराने १६०८ मध्ये दुर्बिणीच्या एकस्वासाठी अर्ज केला. गॅलिलीओने वापरलेल्या दुर्बिणीत नेत्रभिंग अंतर्गोल असल्याने नळीच्या आत खरी प्रतिमा तयार होत नाही; त्यामुळे प्रतिमेच्या जागी तार ठेवण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी १६११ मध्ये दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. तीत वस्तुभिंगाची खरी प्रतिमा नळीच्या आत पडते. इंग्रज ज्योतिषी विल्यम गॅसकॉइन यांच्या अशा दुर्बिणीत १६४० च्या सुमारास कोळ्याचा एक धागा योगायोगाने प्रतिमेच्या जागी आला व तो ताऱ्याबरोबरच स्पष्ट दिसू लागला. त्यावरून त्यांनी दुर्बिणीत तारा बसवून ती कोनमापक उपकरणांवर दर्शक म्हणून वापरली. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत ते मारले गेले. बंदुकीवरील दुर्बिणीचे तत्त्व अशा रीतीने आकाश-निरीक्षणातून आले. बंदुकीपर्यंत ते पोहोचण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लागला.

याचे कारण प्रकाशीय नव्हते, यांत्रिक होते. वेधशाळेतील दुर्बीण स्थिर असते. बंदूक मात्र प्रत्येक बाराबरोबर मागे धक्का देते. अमेरिकन चित्रकार चार्ल्स विल्सन पील (१७४१–१८२७) यांनी १७७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे डेव्हिड रिटनहाउस यांच्या साहाय्याने रायफलीवर दुर्बीण बसविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हा धक्का डोळ्याला बसण्याची अडचण त्यांना जाणवली. नेत्रभिंगापासून काही अंतरावर डोळा ठेवूनही पूर्ण दृश्य दिसेल अशी रचना आणि धक्का सोसूनही मूळ जागा न सोडणारी बैठक, या दोन गरजा पुढील सर्व सुधारणांच्या मुळाशी आहेत.

व्यवहारोपयोगी दुर्बीण प्रथम अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात तयार झाली. जॉन रॅटक्लिफ चॅपमन यांनी १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित अमेरिकन रायफलीवरील ग्रंथात अशा दुर्बिणीचे वर्णन केले असून त्यांच्या कल्पनेनुसार युटिका येथील मॉर्गन जेम्स यांनी त्या बनविल्या. ही दुर्बीण जवळजवळ नळीइतकी लांब असे. तिचे दृश्यक्षेत्र अरुंद होते आणि नेम वरखाली करण्यासाठी संपूर्ण नळकांडेच मागच्या बाजूस उचलावे लागे. सिराक्यूस येथील विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून रंगदोष काढून टाकलेली भिंगे वापरून अधिक स्पष्ट दुर्बिणी बनविल्या. मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी योजिलेली दुर्बीण ब्रिटनमधील व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूस बसविण्यात येई. अशा काही रायफली अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी वापरल्या.

याच काळात लक्ष्यावरील नेमबाजीला संघटित खेळाचे स्वरूप आले. ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १८५९ मध्ये झाली. १८६० मध्ये तिच्या विंबल्डन येथील पहिल्या मेळाव्याचे उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीने टेकूवर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीचा बार काढून केले. १८९० मध्ये हा मेळावा बिस्ली येथे हलविण्यात आला. दुर्बिणी उपलब्ध असूनही त्या काळातील प्रमुख सामने त्यांच्याविना होत. सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे अमेरिका व आयर्लंड यांच्यात ८००, ९०० व १,००० यार्डांवर झालेला सामना अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. त्यात सूक्ष्ममापी पट्टीवर सरकणारी छिद्रदर्शिका वापरण्यात आली होती. सु. ९०० मी. अंतरावरही काळे वर्तुळ व छिद्र यांच्या साहाय्याने अचूक नेम साधता येतो, हे या सामन्याने दाखवून दिले आणि दुर्बिणीवाचून नेमबाजी ही स्वतंत्र कला म्हणून दृढ झाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पिट्सबर्ग हे लक्ष्यवेधी दुर्बिणींचे केंद्र बनले. तेथे जे. डब्ल्यू. फेकर आणि १९३० च्या दशकापासून जॉन उनर्टल यांनी लांब, बारीक व अधिक विवर्धनाच्या दुर्बिणी तयार केल्या. त्यांच्या बैठकीत सूक्ष्ममापी मळसूत्रे असत व बार काढल्यावर धक्क्याने दुर्बीण कड्यांत पुढे सरके. पुढील मोठी सुधारणा काचेच्या पृष्ठभागाची होती. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सु. ४% प्रकाश परावर्तित होतो. पाच भिंगांच्या, म्हणजे दहा पृष्ठभागांच्या दुर्बिणीत अशा रीतीने सु. एक-तृतीयांश प्रकाश वाया जातो व उरलेल्या प्रतिमेवर धूसरता येते. जर्मनीतील त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये निर्वातात चढविलेल्या अतिशय पातळ लेपाने हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर नळकांड्यात कोरडा नायट्रोजन भरून ते बंद करण्याची पद्धत रूढ झाली व आतून दव धरण्याचा दोष गेला. नेम जुळविण्याची यंत्रणा बैठकीतून नळकांड्याच्या आत गेली आणि विवर्धन बदलता येणाऱ्या दुर्बिणी सर्वत्र प्रचारात आल्या.

स्पर्धांतील स्थान : आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार १० मी. हवाई रायफल तसेच ५० व ३०० मी. रायफल या प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. ५० मी. रायफलीच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०·४ मिमी. असतो, त्या अंतरावरून तो सु. ०·७ कलेएवढा (१ कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतो. सर्वसाधारण डोळ्याची भेदनक्षमता सु. १ कला असते. म्हणजे दहाचे वर्तुळ नेमबाजाला दिसतच नाही. माशीच्या कड्यात मोठे काळे वर्तुळ समकेंद्री धरून तो न दिसणाऱ्या मध्याचा वेध घेतो व हेच या प्रकारांतील कौशल्य मानले आहे. याला ऑलिंपिकमध्ये एक अपवाद होता. धावत्या लक्ष्याच्या प्रकारात दुर्बिणीस परवानगी असे. हा प्रकार १९७२ ते १९८८ पर्यंत ५० मी. व १९९२ ते २००४ पर्यंत १० मी. अंतरावर ऑलिंपिकमध्ये होता, १० मी. प्रकारात विवर्धन चारपटींपर्यंत मर्यादित केलेले होते.

याउलट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वाढलेल्या मेजावरील नेमबाजीत रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एकाच छिद्राजवळ सर्व गोळ्या घालण्याचा प्रयत्न असतो. तेथे स्पर्धा मुख्यतः रायफल, काडतूस व वाऱ्याचा अंदाज यांची असल्याने नेमाची चूक शक्य तितकी काढून टाकणे इष्ट ठरते आणि ३६ किंवा त्याहून अधिक पटींच्या दुर्बिणी वापरल्या जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील जॉर्ज फार्क्वारसन यांच्या पुढाकाराने ‘एफ’ वर्ग सुरू झाला. त्यात पालथे झोपून, टेकू व दुर्बीण वापरून लांब अंतरावर नेम धरतात. वयोमानाने छिद्रदर्शिका किंवा हातातील पट्टा झेपेनासा झालेल्या नेमबाजांना खेळ सोडावा लागू नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. पुढे त्यात तरुणही आले व त्याच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या.

निवड : दुर्बिणीचे वर्णन सामान्यतः विवर्धन व वस्तुभिंगाचा व्यास यांनी करतात, उदा., १० × ४० म्हणजे दहापट विवर्धन व ४० मिमी. व्यास. व्यासाला विवर्धनाने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. दहापटीस ती ४ मिमी., तर चाळीसपटीस १ मिमी. होते. भर उन्हात डोळ्याची बाहुली सु. २ ते ३ मिमी. असते. त्यामुळे चाळीसपटीस प्रतिमा अंधुक होते व डोळा अगदी नेमक्या जागी ठेवावा लागतो. विवर्धनाबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो आणि तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरथरीने प्रतिमा उकळल्यासारखी हलते. म्हणून टेकूविना उभे राहून नेम धरणाऱ्यास अल्प विवर्धन सोयीचे असते, तर मेजावरून नेम धरणाऱ्यास अधिक विवर्धनाचा लाभ होतो. भारतातील उन्हाळ्यात लांब अंतरावर विवर्धन कमी करता येणे ही सोय महत्त्वाची ठरते.

पराशय हा अनेकदा दुर्लक्षित राहणारा दोष आहे. लक्ष्याची प्रतिमा व फुली अचूक एका प्रतलात नसल्यास डोळा बाजूस सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. १०० मी. अंतरासाठी जुळविलेली ४० मिमी. व्यासाची दुर्बीण ५० मी. अंतरावर वापरल्यास या कारणाने कमाल १० मिमी. चूक होऊ शकते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या दहाच्या वर्तुळाच्या जवळजवळ पूर्ण व्यासाइतकी. लक्ष्यवेधासाठी अंतरानुसार पराशय जुळविण्याची सोय असणे म्हणूनच विवर्धनाइतकेच आवश्यक आहे. ती सोय नसल्यास गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी एकाच जागी टेकविणे हाच उपाय उरतो.

नेम वरखाली व डावीउजवीकडे सरकविणाऱ्या खुंट्या ‘टक’ अशा आवाजाने ठरावीक कोनातून फिरतात. १ कला म्हणजे १०० मी. अंतरावर सु. २९ मिमी.; म्हणून पाव कलेची टक तेथे सु. ७ मिमी., तर ५० मी. अंतरावर सु. ३·६ मिमी. इतका फरक करते. मिलि-अरीय पद्धतीच्या दुर्बिणीत एक टक बहुधा १०० मी. अंतरावर १० मिमी. असते. लहान अंतराच्या सूक्ष्म लक्ष्यासाठी अष्टमांश कलेची टक पसंत करतात. टक किती बारीक आहे यापेक्षा ती दर वेळी सारखीच पडते की नाही, हे अधिक महत्त्वाचे होय. याची परीक्षा सोपी आहे : फुली ठरावीक टकांनी वर, उजवीकडे, खाली व डावीकडे नेत प्रत्येक टप्प्यावर गोळ्या झाडाव्यात, चौकोन पूर्ण होऊन शेवटच्या गोळ्या पहिल्या जागी पडल्या पाहिजेत. १,००० यार्डांसारख्या अंतरासाठी गोळी पुष्कळ खाली येत असल्याने आतील यंत्रणेचा पल्ला अपुरा पडू शकतो. तेव्हा पुढे उतार दिलेली बैठक वापरतात.

फुली पहिल्या प्रतिमाप्रतलात असल्यास विवर्धनाबरोबर ती जाड होत जाते, पण तिच्यावरील कोनमापे कायम राहतात. दुसऱ्या प्रतलात असल्यास तिची जाडी तीच राहते आणि वाढत्या विवर्धनात ती लक्ष्याचा कमी भाग झाकते. स्थिर अंतरावरील लक्ष्यवेधात म्हणून दुसऱ्या प्रकारास बहुधा प्राधान्य मिळते. या सर्वांबरोबर बैठक व कडी भक्कम असणे अत्यावश्यक असते. सैल कड्यांतील उत्तम दुर्बीण घट्ट बसविलेल्या साध्या दुर्बिणीपेक्षा कमी उपयोगाची ठरते.

भारत : भारतीय रायफल नेमबाजांनी जागतिक कीर्ती मिळविली ती प्रामुख्याने दुर्बीणविरहित प्रकारांत. अभिनव बिंद्रा (सुवर्णपदक, २००८) व गगन नारंग (कांस्यपदक, २०१२) यांची ऑलिंपिक पदके १० मी. हवाई रायफल प्रकारातील आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. पालथे झोपून रायफल प्रकारात जगज्जेत्या ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यामुळे नव्या नेमबाजाने दुर्बीण निवडण्यापूर्वी आपला स्पर्धाप्रकार निश्चित करणे आवश्यक असते. ऑलिंपिक प्रकारांची तयारी करणाऱ्यास बंदुकीवरील दुर्बिणीचा स्पर्धेत उपयोग नाही. त्याने तोच खर्च चांगली छिद्रदर्शिका व सराव यांवर करणे श्रेयस्कर होय. मेजावरील किंवा लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळणाऱ्याने मात्र अंतर, टेकू व हवामान यांचा विचार करून पराशय, टकांचा खरेपणा व बैठक यांस प्रथम, आणि विवर्धनाच्या आकड्यास त्यानंतर महत्त्व द्यावे.