काळ्यावर काळे : सूझांच्या चित्रांतील मृत्युचिंतन



आदिलाबादच्या रसिकांना काळा रंग परका नाही. निर्मलच्या कारागिरांनी लाकडावर काळी भूमी घेऊन तीवर सोनेरी आकृती उठविल्या. तेथे काळोख सोन्याला उठाव देतो. फ्रान्सिस न्यूटन सूझा या गोमंतकीय चित्रकाराने मात्र काळ्यावर काळाच तैलरंग चढविला. ही चित्रे १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत मांडली गेली.

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी साळगाव येथे झाला. तीन महिन्यांतच पितृछत्र हरपले. पुढे थोरली बहीणही गेली. बालपणी देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला आणि मुलगा वाचल्यावर ‘फ्रान्सिस’ हे नाव दिले. म्हणजे त्यांचे नावच मृत्यूच्या दारातून परतल्याची खूण होते. ज्या संताचे पार्थिव जुन्या गोव्यात शतकानुशतके दर्शनासाठी जपले गेले, त्याचे हे नाव.

१९४५ साली त्यांना जे. जे. कला विद्यालयातून काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह गट उभारला, आणि १९४९ मध्ये ते लंडनला गेले. १९५९ च्या ‘क्रूसिफिक्शन’मधील त्यांचा ख्रिस्त सांत्वन करणारा नाही, तो भेसूर आहे.

सूझांच्या जन्मवर्षीच आंद्रे ब्रेताँचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून सूझांना त्या पंथात बसविणे योग्य नव्हे. त्यांची विद्रूपता स्वप्नातून नव्हे, चर्च आणि देहयातना यांच्या अनुभवातून आली. त्यांचे नाते जुळते ते गोयाशी. त्यानेही १८१९ ते १८२३ या काळात, वार्धक्यात, घराच्या भिंतींवर काळवंडलेली चित्रे रंगविली.

सूझांच्या कृष्णचित्रांसमोर स्थिर उभे राहिल्यास प्रथम काहीच दिसत नाही. पाहणारा जरा बाजूला सरकला की रंगाच्या जाड कडांवर प्रकाश पडतो आणि चेहरा उमटतो. मृत्यूसंबंधी यापेक्षा प्रांजळ विधान मला ठाऊक नाही. काळोख हटत नाही. त्यात गेलेले माणूस मात्र पाहणाऱ्याच्या हालचालीने क्षणभर दिसते.

२८ मार्च २००२ रोजी सूझा मुंबईत निवर्तले. स्मृतिव्याख्यानाचे प्रयोजनही हेच नव्हे काय? गेलेल्यांना परत आणणे आपल्या हाती नाही. प्रकाश पडेल अशा जागी जाऊन उभे राहणे आहे.