सार्वजनिक वस्तू : खाडीकाठच्या खारफुटीचे उदाहरण

एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही आणि पैसे न देणाऱ्यालाही जिच्या लाभापासून वगळता येत नाही, तिला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. ठाणे-डोंबिवलीच्या खाडीकाठची खारफुटी भरतीचा जोर अडवते. हे संरक्षण सर्वांनाच मिळते, म्हणून ते कोणाला विकता येत नाही. भराव टाकून केलेली जमीन मात्र विकता येते. त्यामुळे बाजार भरावाकडे झुकतो आणि पाणी आधी सखल वस्त्यांत शिरते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची नासधूस हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. भराव दिसताच हाच आधार घेऊन तहसीलदार व कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करावी, असे आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो.