नवे पुढं की मागं? टायरच्या जोडीची कुळकथा

मे महिना सरत आला की नसरापूर, कापूरहोळ, भोर या पट्ट्यातल्या टायरच्या दुकानांत गर्दी वाढते. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि चारही टायर एकदम बदलण्याइतके पैसे सगळ्यांकडे नसतात. मग प्रश्न येतो : "दोनच घ्यायचेत. नवे पुढं टाकू की मागं?" उत्तरही ठरलेलं असतं : "पुढंच टाका. स्टेअरिंग पुढं आहे." पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्यामुळं हे उत्तर नियमासारखं झालं आहे. पण त्यालाही एक कूळ आहे, आणि ते शोधत गेलं की कळतं, हा नियम आपल्या छोट्या गाडीच्या घरातला नाहीच.

मावळातल्या बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. दोन चाकं, एक आख, त्यामुळं पुढचं-मागचं असं काही नव्हतंच. लाकडी चाकावर लोखंडी पट्टा चढवत, त्याला म्हणत 'धाव'. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, शेण्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की चाकावर ठोकून बसवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आक्रसलं की आरे आणि पाटे घट्ट आवळले जात. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दही पोशाख या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला असं मानतात. चाकाला घातलेला पोशाख, म्हणजे आपली धावच.

पुढच्या-मागच्या चाकांत फरक केला तो चारचाकी घोडागाडीनं. वळताना पुढची चाकं गाडीच्या पोटाखाली सरकावी लागत, म्हणून ती लहान ठेवली. मागची मोठी, ओझं पेलणारी. पुढच्यानं वळायचं आणि मागच्यानं वाहायचं, ही कामाची वाटणी रबर यायच्या आधीच झाली होती.

हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यानं 1845 साली घेतलं, पण त्या काळी ते मागं पडलं. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपनं मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर नव्यानं घडवला. सुरुवातीला असे टायर त्यानं बसवले ते मागच्या दोन चाकांना. टायर आला तसं पंक्चरही आलं, आणि 1904 साली वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर जादा चाक विकायला लागले. तिथला रस्ता कुणी पाहिला नसला तरी त्याचं नाव आज वेल्ह्याच्या जीपवाल्याच्याही तोंडी आहे : 'स्टेपनी'.

कामाची ती जुनी वाटणी आज सर्वांत स्पष्ट दिसते ती भाताच्या खाचरात. 1932 साली अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्सच्या ट्रॅक्टरला हवेचे टायर लागले. त्याआधी दातेरी लोखंडी चाकं असत. आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरला पुढं 6.00-16 चा अरुंद टायर असतो. त्यावर गोलाकार उभ्या कडा असतात. त्या मातीत रुततात, म्हणून चाक वळवलं की ट्रॅक्टर वळतो. मागं 13.6-28 चा रुंद टायर, त्यावर इंग्रजी 'व्ही'सारख्या जाड पट्ट्या. त्या चिखल मागं ढकलतात आणि ट्रॅक्टर पुढं जातो. टायर उलटा बसवला तर ओढ कमी पडते, म्हणून बाजूवरचा बाण बघूनच बसवतात. चिखलणीला तेवढंही पुरत नाही, तेव्हा मागच्या चाकांना लोखंडी केज व्हील लागतात.

ट्रकनं हीच वाटणी डांबरी रस्त्यावर आणली. पुढं उभ्या खाचांचा टायर, तो वळणात धरतो आणि हलका पळतो. मागं आडव्या खोल खाचांचा 'लग' टायर, तो ओढतो. 'नवा पुढं' हा नियमही याच घरात जन्मला. ट्रकला आणि एसटीला मागं प्रत्येक बाजूला जोडटायर असतात. एक फुटला तरी दुसरा भार घेतो. पुढं मात्र एका बाजूला एकच. तो घाटात फुटला तर स्टेअरिंग हिसका मारून हातातून जातं. म्हणून नवा टायर पुढं, झिजला की रिमोल्ड होऊन मागं. अवजड गाडीपुरतं हे शहाणपण आजही खरं आहे.

पण आपल्या मोटारीला मागं जोडटायर नसतात. चारच चाकं, प्रत्येकाला एकच टायर. तिच्यासाठीचा वेगळा धडा मिळाला तो रेडियल टायरमुळं. मिशेलिननं 1946 साली त्याचं पेटंट घेतलं. भारतात जेके टायरनं 1977 साली रेडियल आणला. जुन्या पद्धतीचे आणि रेडियल असे दोन्ही प्रकार एका गाडीवर येऊ लागले, तेव्हा लक्षात आलं की पुढं रेडियल आणि मागं जुन्या पद्धतीचा टायर घातला तर वळणावर शेपूट सुटतं. ब्रिटनमध्ये तशी जोडी कायद्यानं बंद आहे. अधिक घट्ट पकड मागं हवी, हा तो धडा. आज टायर कंपन्या दोनच नवे टायर घेतले तर ते मागं घालायला सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही.

वरंध घाटातून भोरहून महाडकडं उतरताना किंवा पाबे घाट चढताना पावसात याचं कारण कळतं. पुढचे टायर घसरले तर गाडी वळायला नकार देते, सरळ जाऊ लागते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की वेग उतरतो आणि पुष्कळदा पकड परत येते. मागचे घसरले तर गाडी जागच्या जागी फिरते. घाबरून ब्रेक दाबला की आणखी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून नवे तिथंच घालावेसे वाटतात. त्याऐवजी मागचे चांगले टायर पुढं आणावेत आणि नवे मागं घालावेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल केली तर चारही सारखे झिजतात. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो कायद्यानंच बाद. 'गोटा' झालेला टायर पुढं चालत नाही तसा मागंही चालत नाही.

म्हणून दुकानात "पुढं की मागं?" असं विचारण्याआधी "गाडी कोणती?" हे विचारायला हवं. ट्रॅक्टर असेल तर प्रत्येक टायरची जागा त्याच्या नक्षीनंच ठरवलेली आहे. ट्रक असेल तर नवा पुढं. पोराबाळांना घेऊन घाट उतरणारी मोटार असेल, तर नवी जोडी मागं.