चुकांची वही कोठें ठेवावी?

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेमध्यें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एक पतंग अडकलेला सांपडला. तंत्रज्ञांनीं तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून खालीं शेरा लिहिला. तें पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. यंत्राचें काम केव्हांच संपलें. नोंद मात्र उरली. पुढें संगणक आपल्या चुका स्वतःच लिहूं लागला, तेव्हां ही वही ठेवावी कोठें, हा प्रश्न उभा राहिला.

युनिक्सचीं यंत्रें अनेकांच्या सामायिक वापराचीं. १९८० नंतरच्या दशकांत एरिक ऑलमन यांनीं सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रामासाठीं सिसलॉग ही योजना रचली. प्रत्येक प्रोग्रामानें आपली तक्रार एका कारकुनाच्या स्वाधीन करावी व त्यानें ती दप्तरीं दाखल करावी, अशी ती व्यवस्था. लिनक्सवर या दप्तराची ठरलेली जागा म्हणजे ‘व्हार’ विभागांतील ‘लॉग’ हा फोल्डर.

मेजावरील संगणकाचा संसार निराळा. १९८१ सालच्या आयबीएमच्या यंत्रावर डॉस चाले. तेथें एकच धनी आणि सर्व दालनें उघडीं. प्रोग्राम जेथें राही तेथेंच आपल्या चुकांची फाइल लिही. १९९३ सालीं आलेल्या विंडोज एनटीनें प्रत्येकाचे हक्क वेगळे केले. तथापि बहुतेक घरांत लोक पुढेंहि सर्वाधिकारी म्हणूनच वावरत, त्यामुळें जुनी संवय टिकली. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा बाजारांत आलें आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरांत सामान्य अधिकारानें लिहिण्याची मनाई घरोघरीं जाणवूं लागली. जुन्या प्रोग्रामांचा खोळंबा होऊं नये म्हणून व्हिस्टा त्यांचें लेखन गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरांत वळवी. परिणाम असा, कीं दुरुस्ती करणारा लॉग मागे, मालक प्रोग्रामाशेजारीं शोधी, आणि फाइल भलतीकडेच पडलेली असे. ज्याचें रात्रभर लिहिलेलें काम नष्ट झालें, त्याच्या नुकसानीचें कारण त्याच्याच यंत्रांत असूनहि त्यास सांपडत नसे.

यांतून प्रत्येकाची वही त्याच्या स्वतःच्या कोठडींत असावी, हा विचार दृढ झाला. लॉगमध्यें फायलींचीं नांवें असतात, कधीं खासगी मजकूरहि असतो. तो शेजाऱ्याच्या दृष्टीस पडूं नये. विंडोजमध्यें ‘ॲपडेटा’ खालीं ‘लोकल’ व ‘रोमिंग’ हे विभाग आहेत. कचेरींतील जाळ्यावर रोमिंगमधील सामान मालकाबरोबर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊं शकतें. वाढत्या लॉगचें ओझें तेथें नको, म्हणून लोकल हीच योग्य जागा. ॲपलनें घरच्या ‘लायब्ररी’ फोल्डरांत ‘लॉग्ज’ ही जागा दिली. लिनक्सच्या मेजासाठीं २००३ पासून एक्सडीजी नियमावली आहे. पण तींत लॉगला स्वतंत्र घर नव्हतें. कोणी तो ‘कॅश’मध्यें टाकी, आणि कॅश तर केव्हांहि पुसावयाची वस्तु! अखेर २०२१ सालीं ‘स्टेट’ नांवाचा विभाग जोडला गेला व लॉगचा त्यांत स्पष्ट उल्लेख झाला.

एक अडचण मात्र उरते. हे फोल्डर सामान्यतः दृष्टीआड ठेवलेले असतात. म्हणून लॉग योग्य जागीं ठेवून प्रोग्राम लिहिणाराचें कर्तव्य संपत नाहीं. ती फाइल उघडून दाखविणारी सोय त्यानें प्रोग्रामांतच ठेविली पाहिजे, आणि जुनीं पानें वेळोवेळीं काढून टाकलीं पाहिजेत. चूक झाल्यावर ती वही मालकाच्या हातीं पडली, तरच तिचा उपयोग.